कापडी म्हाताऱ्याच्या पोटाशी

कोपरांनी वाट काढत ती मिरवणुकीत घुसली, तेव्हा कुणाचा तरी फुगा तिच्या कानाशीच फुटला. दचकायलाही तिला सवड नव्हती. उद्या सकाळी वडिलांचं ऑपरेशन होतं आणि त्यांना एकाच गोष्टीचा घोर लागला होता, बारक्या येतो की नाही. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षं तो तिचा फोन उचलत नव्हता. पण रस्त्यावरच्या या उत्सवात कापडाचा अवाढव्य म्हातारा अंगावर चढवून दरसाल तोच नाचतो, हे तिला ठाऊक होतं.

म्हातारा चौकाच्या तोंडाशी डुलत होता. आत शिरलेल्या माणसाने मिरवणूक संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा त्या मंडळींचा नियम. तिला ते बरंच वाटलं. समोरून उत्तर येणार नसलं की बोलणं सोपं जातं.

म्हाताऱ्याचा कापडी हात धरून ती त्याच्या पोटाशी लागून चालू लागली.

"बारक्या, गप ऐक. बाबा सारखं तुलाच विचारतायत. उद्या ऑपरेशन आहे त्यांचं. आणि त्या दिवशी माझंच चुकलं. तुला घराबाहेर काढायला नको होतं. रोज मन खातं माझं. पण आज आला नाहीस ना, तर सगळ्यांदेखत कानाखाली काढीन, सांगून ठेवते."

म्हाताऱ्याची मान हलली. तिच्या जिवात जीव आला. डोळे पुसत ती तशीच सोबत चालत राहिली.

मिरवणूक संपली. म्हातारा भिंतीला टेकला, कापड वर झालं आणि आतून घामाने निथळणारा एक मिशीवाला बाहेर आला. भलताच माणूस.

"अहो, मान हलली होती!" ती म्हणाली.

"स्प्रिंग आहे ताई. चाललं की हलते." तो ओशाळला. "आधी बारक्याच होता आत. तुम्ही गर्दी हटवत येताना दिसलात, तसा उतरला आणि मला आत ढकललं. तो बघा, टेम्पोमागे बसलाय."

टेम्पो समोरच होता. ती निघाली, थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही सगळं ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग जा, सांगा त्याला. जसंच्या तसं. मला परत नाही जमायचं."

तो घुटमळला. "ते कानाखालचं पण?"

"ते आधी सांगा. नाहीतर हे मीच बोलले, यावर त्याचा विश्वासच बसायचा नाही."