चाळीस उभे प्रवासी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर, बरोबर मधोमध. मागे कोणी नव्हतं. सुनेने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"बाबा, ही गाडी माझ्यावर डूख धरून आहे."

"हात वर ठेव. हँडब्रेक ओढ. आता सांग, काय दिसतंय?"

"चढ दिसतोय."

"आणि?"

"आणि माझी अब्रू जाताना दिसतेय."

मागच्या सीटवर बाबांची बायको खुदकन हसली. तिला रोज बरोबर आणायचं काही कारण नव्हतं. पण घरी बसून तुमच्या दोघांची काळजी करण्यापेक्षा गाडीत बसून केलेली बरी, असं तिचं म्हणणं होतं.

बाबांनी बत्तीस वर्षं शहरातली बस चालवली होती. डेपोत नवा चालक आला की त्याला जुन्याच्या हाताखाली द्यायचे, आणि जुना त्याला दिसेल ते मोठ्याने बोलायला लावायचा. बोलायचं म्हटलं की बघावं लागतं, एवढंच त्यामागचं कारण. बाबांच्या हाताखालून अशी अकरा माणसं गेली होती. सून बारावी.

"क्लच हळू सोड. मागे चाळीस प्रवासी उभे आहेत असं समज. एकाचाही हात दांडीवरून सुटता कामा नये."

"मागे मी एकटीच आहे," बायको म्हणाली. "पण माझा गुडघा चाळिसांना भारी आहे."

चौथ्या वेळी गाडी चढली.

या शिकवणीमागचं कारण बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला होता. त्यावर दोन गोल आणि त्यांच्या डाव्या कडेला शाई सांडल्यासारखा काळा भाग. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, आणि गाडी चालवणं बंद. बाबांनी त्या कागदाची चौपदरी घडी घातली आणि ती गाडीच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये तळाशी सरकवली. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, म्हणून थेंबांची बाटली ते पुलापलीकडच्या दुकानातून आणू लागले. बाटली चष्म्याच्या घरात राहायची आणि चष्म्याचं घर खिशात.

त्यानंतरही त्यांनी गाडी चालवलीच. बायकोला आठवड्यातून तीनदा गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे, आणि मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. तिसऱ्या आठवड्यात, दवाखान्यातून परत येताना, डावीकडून आलेली एक सायकल त्यांना दिसलीच नाही. आरशाला काहीतरी घासलं तेव्हा कळलं. सायकलवाला पडला नाही. त्याने दोन शिव्या दिल्या आणि तो गेला. बत्तीस वर्षांत बसला साधा ओरखडाही पडू न दिलेला माणूस दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून बसून राहिला. बायको मागे डोळे मिटून होती. तिला झोप लागली असावी, असं ते धरून चालले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते सुनेला म्हणाले, "तुला गाडी शिकायची होती ना?"

सुनेने तसं कधीच म्हटलं नव्हतं. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो की."

बाबांचा हिशेब सरळ होता. त्यांचा स्वतःचा परवाना महिनाअखेर संपत होता आणि नव्याने काढायचा तर डोळे तपासून घ्यावे लागणार होते. त्याआधी सुनेला परवाना मिळाला, की चावी तिच्या हातात द्यायची. आता माझा आराम सुरू, असं म्हणायचं आणि सोफ्यावर पाय पसरायचे. कोणाला काही विचारायचं कारण उरणार नाही. ती नापास झाली, तर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. मग एकतर गाडी चालवायची किंवा तोंड उघडायचं. दोन्हींपैकी काय जास्त अवघड, हे त्यांचं ठरत नव्हतं.

शिकवणीत एकच घोटाळा झाला. बाबांना दुसरं काही येत नसल्याने त्यांनी तिला बस शिकवली. ती छोटी निळी गाडी कोपऱ्यावर आली, की आधी रस्त्याच्या पार पलीकडे जाई आणि मग मागे तीस फूट लांबी असल्यासारखी सावकाश वळे. एकदा बसथांब्यावर तर सुनेने गाडी इतक्या अदबीने उभी केली, की एक आजोबा मागचं दार उघडून आत डोकावले.

"कुठे जायचंय आजोबा?" बायकोने आतून विचारलं.

आजोबा गोंधळून मागे सरले. पुढचे दोन चौक गाडीत कोणाला नीट श्वास घेता येत नव्हता.

"वळण लहान घे," बाबा डोळे पुसत म्हणाले. "परीक्षक असल्या वळणावर नापास करेल."

"तुम्हीच तर शिकवलंत!"

"परीक्षेपुरती गाडी लहान आहे असं समज."

"बाबा, ती लहानच आहे!"

बोलणं मात्र तिला झकास जमलं. परीक्षेच्या अर्जासाठी सून ती कागदपत्रांची फाईल एकदा घरात घेऊन गेली. फाईल गाडीत परत आल्यावर बाबांनी तळाची घडी तपासली. जशीच्या तशी होती. साधारण त्याच सुमारास तिच्या बोलण्यात थोडा फरक पडला. ती डावी बाजू आधी सांगू लागली, आणि जरा मोठ्याने.

"डावीकडे बाई, पिशवी घेऊन. डावीकडे कुत्रं, झोपलंय. डावीकडे फाटक उघडतंय. समोर सिग्नल, पिवळा."

"उजवीकडे काही नाही वाटतं?"

"उजवीकडे मी आहे की," सून म्हणाली आणि तिने ब्रेक दाबला. चाळिसांतला एकही हलला नसता.

परीक्षा गुरुवारी होती. सकाळी घरात एवढी धावपळ झाली, की बाबांना कुठे आडोसा मिळाला नाही आणि थेंब घालायचे राहून गेले. परीक्षेच्या मैदानावर सव्वादहाला नंबर लागला. परीक्षक बाई होत्या. गळ्यात दोरीने पेन अडकवलेलं, चेहऱ्यावर काही नाही.

"मोठ्याने बोलू का?" सुनेने हळूच विचारलं.

"मनात बोल."

"मनात बोलता आलं असतं तर तुमच्या मुलाला मीच लग्नाचं विचारलं असतं का?" असं म्हणून ती गाडीत बसली.

बाबा आणि बायको कुंपणालगतच्या बाकावर बसले. मैदान डाव्या हाताला पसरलेलं होतं. बाबांनी नजर समोर ठेवली, सगळं दिसणाऱ्या माणसासारखी.

"निघाली," बायको म्हणाली. "बंद नाही पडली."

बाबांनी मान हलवली.

"डावा दिवा लावला. आता वळतेय. अहो, मेलीने बसच वळवली की! नाही, नाही, आवरलं. आली रांगेत. पुढे एक ट्रक उभा आहे. थांबली. चांगलं अंतर ठेवलंय. ओठ हलतायत हो तिचे, बोलतेच आहे ती."

बाबांनी काही विचारलं नव्हतं. तिने सांगायचं थांबवलं नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ती त्यांच्या डाव्या हाताला बसली आहे. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या उजवीकडून चालायची, गुडघा दुखू लागल्यावर तर त्यांच्या हाताचा आधार घेऊन. बाजू कधी बदलली, ते त्यांना आठवेना. दवाखान्यात, बाजारात, काल जिन्यावर, सगळीकडे ती डावीकडेच होती.

"आता चढावर निघाली," बायको म्हणाली. "त्या पिवळ्या इमारतीमागे वळली." तिने मान उंचावून पाहिलं. "झालं. आता मलाही दिसत नाही."

 बाबांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, ते उघडून आतली बाटली बाहेर घेतली आणि तिच्या हातात दिली. बायकोने ती उलटीसुलटी करूनही पाहिली नाही. टोपण काढून पदरात धरलं.

"मान वर करा. रोज निम्मं गालावर सांडता."

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सुनेच्या नंतर निघालेली पांढरी गाडी परत येऊन उभी राहिली होती. निळी अजून यायची होती. मागे चाळीस प्रवासी उभे असले, की चढावर सावकाशच यावं लागतं.