एकाच घरातली माणसं

"कॉलर धर, आई. मला नको धरूस, जॅकेट धर."

मृदुलाने लेकीची कॉलर चिमटीत पकडली.

"अशी नाही गं. अंगठा आत घाल. हां. आता मी ओढलं तरी सोडायचं नाही."

"आणि पडले तर?"

"पाडणार नाहीये तुला. मी फक्त आत येणार, वळणार, परत मागे. थ्रो नाही."

हूफडॉर्प या डच गावातल्या त्या घरात जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. ज्युदोचे हॉल बंद होते. एकाच घरातल्या माणसांनीच एकमेकांच्या जवळ जायचं, असा सरकारचा नियम. आणि ज्युदो काही एकट्याने होत नाही. बाबांची, म्हणजे श्रीकांतची, पाठ अधू, शिवाय वरच्या खोलीत दिवसभर त्याच्या ऑफिसच्या मीटिंगा चालू. राहता राहिली मृदुला.

याच मृदुलाने ज्युदोपायी घर डोक्यावर घेतलं होतं. पुण्याहून इथे आल्यावर आठ वर्षांच्या ईशानीला मैत्रिणी मिळाव्यात म्हणून जवळच्या बाडहूव्हडॉर्पच्या ज्युदो क्लबात घातलं ते तिनेच. पण पुढे मुलीचे कान सुजून कायमचे गाठाळले, बोटं वाकडी झाली, युनिव्हर्सिटी अर्ध्यावर सुटली. तेव्हा "लग्नाच्या फोटोत हे कान झाकणार कसे" इथपासून "तुझं तू बघ" इथपर्यंत सगळं बोलून झालं. त्यानंतर मायलेकी बोलत, पण कामापुरतं. लॉकडाउनमध्ये क्लबात शिकवायचं काम बंद पडलं, तेव्हा सव्विसाव्या वर्षी ईशानी मुकाट्याने घरी परतली.

आता रोज सकाळी दोघी समोरासमोर उभ्या राहत. सुरुवातीला मृदुला प्रत्येक झटक्याला डोळे मिटून घेई. हळूहळू तिचे पाय जमिनीत रुतायला लागले. एकदा धापा टाकत थांबलेल्या लेकीच्या कानाला तिने बोट लावलं.

"दुखतो का गं अजून?"

"नाही. मेलाय तो. काही फील होत नाही."

मृदुलाने हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "चल, उजवी बाजू राहिलीये."

मार्चमध्ये कोच रूडचा फोन आला. राष्ट्रीय संघातल्या एका मुलीचा गुडघा गेला होता. तिच्या जागी ईशानीला शिबिरात बोलावलं होतं, आणि पाठोपाठ ऑलिंपिकच्या निवडीआधीची शेवटची मोठी स्पर्धा. वर्षानुवर्षं राखीव म्हणून बाकावर बसलेल्या ईशानीसाठी पहिल्यांदा दार उघडलं होतं. अव्वल खेळाडूंना सरावाची सूट होती. आठवडाभर ती तिकडे राहिली, आणि शनिवारी आईच्या आग्रहाखातर दोन दिवसांसाठी घरी आली.

"नीट झोप, नीट ऊन पाण्याने अंघोळ कर," मृदुला म्हणाली. रविवारी सकाळी तिनेच टेबल सरकवलं. "चल, धरते. तिकडे काय शिकलीस ते दाखव."

सोमवारी निघण्याआधीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ईशानीला साधी शिंकही नव्हती.

"सॉरी," रूड फोनवर म्हणाला. "टीम उद्या निघते. तुझ्या जागी दुसरीला न्यावं लागेल."

ईशानी वर तिच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवणाचं ताट दाराबाहेर यायचं, तसंच परत जायचं. सगळं संपलं, असं तिला वाटत होतं. बुधवारी भिंतीपलीकडून आईचा खोकला ऐकू आला.

शनिवारी ॲम्ब्युलन्स आली. मृदुलाला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. ईशानी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली यायची तिला मनाई होती. मृदुलाने मास्क थोडा बाजूला केला.

"तुझी मॅच हुकली ना गं."

"आई, बोलू नकोस. प्लीज."

"पुढच्या वेळी जाशील," मृदुला म्हणाली. दोन वाक्यांतच तिला दम लागला.

ती परत आली नाही. आजार कुणी आणला हे सांगता येणार नाही, असं फॅमिली डॉक्टरांनी समजावलं. मृदुला सुपरमार्केटमध्येही जात होतीच की. ईशानीने मान हलवली. रविवारी सकाळी आईने तिची कॉलर धरली होती, ते तिने त्यांना सांगितलं नाही.

अंत्यसंस्काराला मोजकी माणसं होती, दूर दूर मांडलेल्या खुर्च्यांवर. पुण्याची माणसं स्क्रीनवर होती. "आवाज येत नाहीये," मावशी शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि आवाज चालू करायला कुणी उठलं नाही.

क्लब पुन्हा उघडला तेव्हा रूडचा फोन आला. बावन्न किलोच्या गटात अजून तिच्यासारखी कुणी नाही, पुढच्या ऑलिंपिकला तीनच वर्षं आहेत, तो सांगत होता. ईशानीने सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि नाही म्हणाली.

श्रीकांत गॅसपाशी उभा होता. वरणभात तो नुकता कुठे करायला शिकला होता.

"काय म्हणाला?"

"ये म्हणाला."

"मग?"

"भूक लागलीये, बाबा."

त्याने सवयीने पळीभर भात वाढला. वजन वाढू नये म्हणून शाळेत असल्यापासून ती तेवढाच खायची. तो भांड्यावर झाकण ठेवायला लागला, तेव्हा तिने ताट पुढे केलं.

"अजून वाढ."

श्रीकांतने वाढला. तिने ताट मागे घेतलं नाही, म्हणून आणखी वाढला. मग ती मान खाली घालून, सावकाश, पोट भरेपर्यंत जेवली.