दोन भाऱ्यांवर सासू फुकट

“आता हे तुम्ही मानणार नाई,” रूपरावांनी बशीत चहा ओतला, “पन आमच्या रोहण्यात एका साली सबन गाव आपलीच टीम हरावी म्हनून मारुतीले नारळ फोडून राह्यलं होतं. अन् टीम लेकाची जिंकूनच राह्यली होती!”

एवढं बोलून ते बशीवर फुंकर घालत बसले. पहिलं वाक्य टाकायचं आणि चहाला वेळ द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. ऐकणाऱ्याने ‘काऊन?’ विचारल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

कारंजा घाडग्याच्या हमरस्त्यावरचा घनश्यामचा ढाबा. वैशाखातली टळटळीत दुपार. आर्वीची एसटी दोन तासांपासून ‘येतेच आहे’ अशी होती. समोर एका ट्रकचं चाक काढून ठेवलं होतं आणि त्याचा नागपूरकर ड्रायवर बनियनवर बसून वारा घेत होता. बाकाच्या पार टोकाला एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन, गाठोड्यावर डोकं टेकून झोपली होती. झोपलेलं माणूस असलं की रूपरावांची जीभ जरा जास्तच मोकळी व्हायची. साठी जवळ आली होती, पण गोष्ट सांगताना ते पंचविशीतल्या पोरासारखे होत.

“काऊन जी?” घनश्यामने झारा कढईवरच धरून विचारलं.

“काऊन म्हंजे? सरपनापाई!”

आणि गाडी निघाली.

साल एकोणऐंशी. रूपराव तेव्हा रोहण्याच्या ‘उगवता तारा क्रीडा मंडळा’चे सेक्रेटरी होते. तारा पंधरा वर्षांपासून उगवतच होता. जिल्ह्याच्या कबड्डीत दोन गट, एक वरचा आणि एक खालचा. जो हरला तो त्या साली घरी; खालच्या गटात शेवटपर्यंत टिकला तो पुढच्या साली वरच्यात. रोहणा खालच्या गटात, आणि तिथेही दुसऱ्या रविवारी घरी. गावात म्हणच पडली होती: पाहुणा तीन दिवस, उगवता तारा दोन रविवार.

रूपरावांना मात्र वरचा गट स्वप्नात दिसायचा. वरच्या गटाच्या मैदानावर चुन्याच्या रेघा असत, खालच्यात चुलीतली राख. वरच्या गटाच्या पंचाच्या गळ्यात शिट्टी असे, खालच्यात पंच तोंडात दोन बोटं घालून वाजवी. “आपल्या गावात चुन्याची रेघ पडल्याशिवाय मी मरत नाई,” असं ते येता-जाता सांगत. त्यांची बायको आनंदाबाई म्हणायची, “मंग नका पाडू जी, राहू द्या राखेची. तेवढंच आयुष्य वाढन.”

त्या साली जिल्ह्याच्या मंडळींनी फर्मान काढलं, की ज्या मैदानाला कुंपण असेल त्याच गावात सामने होतील. घरच्या मातीत खेळायला मिळालं तर पोट्टे दोन रविवारांचे तीन तरी करतील, एवढा हिशेब रूपरावांना जमत होता. पण कुंपण आणावं कुठून? गावात एकच वस्तू मुबलक होती, पराटी. कापूस वेचून झाला की उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या. प्रत्येक घरामागे तिची गंजी. तिच्यावर साऱ्या गावाच्या चुली वर्षभर पेटायच्या.

मग रूपरावांनी योजना काढली. जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, कोऱ्या पाठीवर मंडळाचा शिक्का मारला आणि पारावर फलक लावला:

एक भारा पराटी आणा, सबंध मोसमाचा पास न्या. दोन भाऱ्यांवर सासू फुकट. दहा भाऱ्यांवर पाटलांच्या खुर्चीजवळची जागा. मोसम संपताच भारे परत.

“सासूसाठी कोन भारा देते जी?” घनश्याम हसला.

“अबे, सून देते! सासू मैदानात बसली की सून घरात मोकळी. गावातल्या सुनांनी गंज्याच्या गंज्या आनून टाकल्या. मंग सासवा पेटल्या. ते शकुबाई पाटलाजवळ बसते, तर मी काऊन नाई? दहाचे पंधरा, पंधराचे वीस. आठ दिवसांत कुंपन असं झालं की हत्ती आडवा गेला तरी दिसला नसता!”

मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी वर्षातून चार वाक्यं बोलायचे. त्यांतलं एक त्यांनी त्या दिवशी खर्च केलं. कुंपणाला फेरी मारून आले आणि म्हणाले, “रूपराव, आता गावात पास नाई असं कोनी राह्यलं का?”

रूपरावांनी आठवून पाहिलं. “तानबाचा बैल.”

“मंग हे कुंपन अडवते कोनाले?”

रूपरावांना हे आधी सुचलंच नव्हतं. पण सेक्रेटरी निरुत्तर होत नसतो. “अडवत नसन,” ते म्हणाले, “पन जिल्ह्याच्या कागदावर तं आहे ना!”

सगळ्यांत जास्त भारे मनकर्णाबाईने दिले, मोजून वीस. बाई जिभेची तिखट. तिने भर पारावर विचारलं, “मोसम संपन कधी?”

“दुसऱ्या रविवारी! आजपावतो कधी चुकला का?”

“अन् भारे आनून कोन देईन?”

पारावर सारं गाव जमलं होतं. रूपरावांची छाती फुगली. “ऐका गा सारे! आपलं मंडळ वरच्या गटात चढलं, तर जिचा भारा तिनं न्यावा, अन् गावानं माही मिरवनूक काढावी. नाई चढलं, तर एकूणएक भारा मी सोता डोक्यावर घेऊन घरोघरी पोचवीन!”

शब्द तोंडातून गेला आणि अण्णाजींनी कपाळावर हात मारला.

“मंग काय, दुसऱ्या रविवारी हरले असान,” ड्रायवर म्हणाला.

“तिथंच तं मजा आहे, भाऊ. जंगलू भेटला ना!”

जंगलू गावकुसाजवळच्या गोंड वस्तीतला गडी. जंगलात तेंदूपत्त्याची कामं करायचा. स्वतःच्या आणि बायको कमलाच्या पासासाठी दोन भारे घेऊन आला तो आपल्या भाषेतलं गाणं म्हणत. शिवारापासून मैदानापर्यंत कोसभर वाट, आणि गाणं मध्ये कुठेच तुटलं नाही. रूपरावांनी भारा खाली ठेवू न देता विचारलं, “का गा, श्वास कुठं घेतला?” जंगलू म्हणाला, “घरून निघतानी घेतला होता.”

त्याला चड्डी दिली आणि उतरवला मैदानात.

“कबड्डी कबड्डी करत गेला, तं येईचना! पंचाले कंटाळा आला. पंच चहा पिऊन आला, तरी याचं सुरूच.”

“एक चहा पिऊन?” ड्रायवरने डोळे बारीक केले.

“नुसता चहा कुठं, संगं दोन आलुबोंडे! तवर समोरचे सात जन थकून आपसूक खाली बसले. यानं एकेकाले हात लावला अन् आला परत.”

पहिला रविवार जिंकला. दुसरा जिंकला. गावाने फटाके वाजवले. तिसरा जिंकला, टाळ्या जरा कमी झाल्या. चौथ्या रविवारी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग लग्नसराई आली, जिल्ह्याच्या मंडळींना रोज कुठे ना कुठे जेवायला जायचं असे, म्हणून पुढचे सामने पंधरा पंधरा दिवस लांबले. फाल्गुन गेला, चैत्र गेला. घरामागच्या गंज्या कुंपणात आणि चुली थंड. कोणी मोडकी टोपली जाळली, कोणी खाटेचा पाय. शकुबाईने लाटणं जाळलं आणि त्या दिवसापासून त्या घरी भाकरीच सुरू झाली.

कुंपणाला हात लावायची सोय नव्हती. काडी हलली तर मैदान बाद. अण्णाजी दिवसभर काठी घेऊन फेऱ्या मारत.

आता गावाला एकच आस लागली. उगवता तारा मावळू दे. मारुतीसमोर नारळ फुटायला लागले. पकडीला भक्कम असलेल्या तानबाला बायकोने सामन्याआधी अकरा वाट्या दहीपोहे घातले. चूल नव्हती, म्हणून दहीपोहे. तानबा मैदानातच आडवा होऊन घोरायला लागला. समोरच्या गावचा चढाईवाला आला, अंधारात ओंडक्याला अडखळावा तसा त्याच्यावर अडखळून पडला, आणि बाद! तानबाला जाग आली तेव्हा लोक त्याला खांद्यावर घेऊन रडत होते.

“रडत काऊन?” घनश्यामने विचारलं.

“जिंकला ना बे!”

ड्रायवर हसून हसून बाकावरून घसरला. म्हातारीचा पदर जरा हलला. तोंडावर माशी बसली असावी.

“अन् तुमच्या घरची चूल, रूपरावजी?” घनश्यामने विचारलं.

“आमची?” रूपरावांनी बशी पुढ्यात सरकवली. “आमची रोज पेटे. आमचं घर मैदानाले लागून, म्हंजे... आनंदाबाईचा हात काटकसरीचा. एका पराटीवर दोन टाईमचा सैपाक. अरे, उपान्त्य सामन्याच्या दिवशी मैदानावर रेघा मारायले गावात कुठं राख भेटेना! कोनाची चूलच पेटली नव्हती. शेवटी घमेलंभर राख आमच्याच घरून नेली.” हे सांगताना त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

उपान्त्य सामना जिंकला आणि ज्येष्ठात अंतिम सामना लागला. समोर अल्लीपूर. हा एक जिंकला की वरचा गट, चुन्याची रेघ, मिरवणूक. हरला की सगळ्या गावाचे भारे आणि एक डोकं.

त्या दिवशी गावातल्या बाया आल्या त्या दोर आणि विळे घेऊनच. पास दाखवून आत बसल्या, दोर मांडीवर. सामना सुरू होताच गाव गर्जलं, “अल्लीपूर! अल्लीपूर!” अल्लीपूरचा कप्तान गहिवरला. चार गावं फिरला होता, असा पाहुणचार कुठे झाला नव्हता.

दोन्ही बाजू सारख्या सुटल्या. शेवटची चढाई जंगलूची. रूपरावांनी देवाला हात जोडले तेव्हा साऱ्या मैदानात तेवढेच दोन हात रोहण्याच्या बाजूने होते.

जंगलू रेघ ओलांडून गेला. दम लांब, डोळे अल्लीपूरच्या पायांवर. एकाला शिवला. आता फक्त परत यायचं. आणि कुंपणाच्या बाजूने एक हाक आली...

इथे रूपराव थांबले. बशी रिकामी होती तरी त्यांनी ती ओठांना लावली. ही गोष्ट त्यांनी शंभर जागी सांगितली होती, आणि दरवेळी इथेच त्यांना चहा लागायचा.

“कोनाची हाक जी?”

“कोनाची नाई. वारा होता.” त्यांनी बशी दणकन खाली ठेवली. “अल्लीपूरच्या सातही जनांनी त्याले धरला. दोन पायाले, दोन कमरेले, तीन पाठीवर. पन जंगलूच तो! कबड्डी कबड्डी करत साती जनांसगट रांगत आला, अन् रेघेवर नुसतं करंगळीचं नख टेकवलं! पंचानं बोटं तोंडात घातली ते बाहेरच काढेना!”

“वा रे पठ्ठे!” ड्रायवरने मांडी थोपटली. “मंग चढले वरच्या गटात?”

“चढले म्हंजे? बैलबंडीतून माही मिरवनूक निघाली! ज्या बाया अल्लीपूर अल्लीपूर करत होत्या ना, त्याच गुलाल उधळत होत्या. अन् ते मनकर्णाबाई, सगळ्यांत कट्टर, ते आरती घेऊन दारात उभी. डोळ्यांत पानी. मले म्हने, रूपराव भाऊ, तुम्ही गावाचं नाव...”

बाकाच्या टोकाला गाठोडं बाजूला सरकलं. म्हातारी उठून बसली. तिने पदर तोंडावरून काढला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रूपरावांकडे सावकाश वळली.

रूपरावांचा हात हवेतच राहिला. “म...मनकर्णाबाई? तुम्ही कवा आलत्या?”

“बापा रे, किती खोटं बोलतं गा हा मानूस!” मनकर्णाबाईने घनश्यामलाच साक्षीला धरलं. “वारा म्हने! कमली वरडली, ‘घरी या आता, चूल थंडी हाय,’ अन् जंगलूचा दम तिथंच तुटला, ते सबन गावानं पाह्यलं. अन् आरती कोन केली रे तुही? भर जेठात डोक्यावर भारा घेऊन माह्या दारात घाम गाळत कोन उभं होतं मंग? वीस भारे दिलते म्या, तू आनले अठरा. सात वर्सं झाले, दोन भारे कुठं गेले म्हनून मी त्या गरीब अण्णाजीवर संशय घेऊन राह्यली, अन् आज तूच सांगतं का सबन गावात राख फक्त तुह्या घरी होती!”