घोंगडीखालचे कांदे

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. अंगभर भोकं असल्यामुळे मला पाणी धरता येत नाही, पिठाचं तर नावच नको. पण ही भोकं म्हणजे बुरडाची चूक नव्हे. कांद्याला वारा लागावा म्हणून त्याने ती मुद्दाम ठेवली. एवढी साधी गोष्ट कळायला माणसांना फार दिवस लागतात.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात बिडकीनजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या बानाबाईने मला घेतलं. तिचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब गेला होता. घरात ती आणि आजारी सासरा बिरू, दोघंच. चितेगावला लक्ष्मीबाईंच्या मळ्यात कांदे काढून तिने मजुरीत कांदेच आणले. पावसाळा सरेपर्यंत भाकरीला तेवढाच आधार होता.

"बाने, आधी आठ-धा दिस सावलीत वाळव, मंगच भर," लक्ष्मीबाईंनी बजावलं होतं.

पण बानाबाईला धास्ती, की उघड्यावर ठेवले तर कांदे उन्हाच्या झळांनी सुकून जातील. तिने ओले कांदे तसेच माझ्यात भरले आणि वरून जाड घोंगडी गच्च गुंडाळली. धनगराच्या घरात ऊन, वारा, पाऊस, सगळ्याला घोंगडीच.

"घोंगडीखाली लेकरू निजतं, कांद्याला काय व्हतंय?" ती सासऱ्याला म्हणाली.

मी गुदमरले. आत कांद्यांना घाम फुटला. पंधरा दिवसांनी बिरूने विचारलं, "बाने, कशाचा वास येतोय गं?" तिने घोंगडी ओढली, तर हाताला काळा लगदा लागला. ओंजळभर कांदे धड निघाले. ते तिने रोज एक भाजून सासऱ्याला घातले आणि स्वतः मीठ-भाकरी खाल्ली.

पावसाने दडी मारली. बिरूला अन्न जाईना. एका दुपारी तो म्हणाला, "येक कांदा भाज बाने, लई मन झालंय."

मी रिकामी आहे हे ठाऊक असूनही तिने माझ्यात हात घातला. दिवस मावळायच्या आत म्हातारा गेला. कांद्याने तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण त्याने मागितलेला घास आमच्याच घरात सडला होता, याची मला अजून लाज वाटते.

आता मी आणि म्हातारी झालेली बानाबाई शहरात, पुंडलिकनगरात, तिच्या नातवाच्या घरी आहोत. माझ्यात जुन्या चपला असतात. कांदे-बटाटे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओट्याखाली कोंबतात. काल ती पिशवी घंटागाडीत गेली.

"आजी, थोडेच तर सडले होते," नातसून म्हणाली.

"म्हातारा एकच मागत व्हता गं," बानाबाई म्हणाली. नातसुनेला काहीच कळलं नाही.

मित्रांनो, कांदे आधी वाळवा. त्यांना वारा लागू द्या, बटाट्यांपासून दूर ठेवा, आणि आठवड्याला हात फिरवून नासका तेवढा वेचून काढा. घरातलं कुणी घास मागेल, तेव्हा "नाही" म्हणायची पाळी तुमच्यावर येऊ नये.