पलीकडच्या काठावरचे घर

खंडेराव सुर्वे सरकारी नकाशे काढायला दिल्लीत आले. त्यांचे चिरंजीव पद्माकर मंत्रालयात लागले, पद्माकरांचे सुधाकर आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून निवृत्त होऊन नोएडात स्थिरावले, आणि सुधाकरांची कन्या शिवांगी जुन्या इमारतींची छायाचित्रे काढू लागली.

सुधाकर तान्हे असताना त्यांच्या आई अहिल्याबाई विषमज्वराने तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हा सरोजिनी नगरच्या शेजारीण हरबंस कौर यांनी आपल्या लेकीबरोबर सुधाकरांनाही अंगावर पाजले. बदल्यात त्यांनी साधी साडीसुद्धा घेतली नाही, आणि ते अहिल्याबाईंना साठ वर्षे टोचत राहिले.

शिवांगी नियंत्रण रेषेजवळच्या खोऱ्यातली लाकडी घरे टिपायला निघाली, तेव्हा हरबंस कौर यांनी, तिच्या बीजींनी, पहिल्यांदाच काही मागितले. त्यांचे माहेर त्याच खोऱ्यात नदीपलीकडे, आता पाकिस्तानच्या ताब्यातल्या काठावर, सत्तेचाळीस साली सुटलेले. घर उभे आहे की पडले, एवढेच त्यांना पाहायचे होते. नजर महिन्यागणिक मंदावत होती. खूण त्यांनी सांगितली: दगडी जोते, तीन कमानी, नदीवर झुकलेला सज्जा.

"नक्षी दिसली की तुझी मान तिकडेच वळते," अहिल्याबाईंनी नातीला बजावले. "हे साधं घर आहे. नीट शोध."

"आजी, मी घरांचेच फोटो काढते."

"घरांचे काढ. बक्षिसांचे नको."

तीन दिवसांत शिवांगीला पलीकडच्या काठाची त्रेसष्ट छायाचित्रे मिळाली. बर्फाची धार, झुलता पूल, उतारावरची गावे. हिवाळ्यात भरणाऱ्या तिच्या प्रदर्शनाचा प्राण हीच चित्रे होती. शेवटच्या सकाळी लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये तीन कमानीही सापडल्या.

परतताना लष्करी नाक्यावर अधिकाऱ्याने एकेक चित्र तपासले. जवळजवळ प्रत्येकात पूल नाहीतर चौकी होती.

"दो रास्ते हैं, मॅडम," तो सौम्यपणे म्हणाला. "कार्ड जमा कीजिए, जाँच के बाद आठ-दस महीने में मिल जाएगा. या उस पार का सब यहीं मिटाइए."

"और यह? इसमें सिर्फ एक घर है."

"बाकी मिटाएँगी तो यह ले जाइए."

कार्ड जमा केले असते तर चित्रे वाचली असती, प्रदर्शन पुढे ढकलता आले असते. बीजींची नजर ढकलता येत नव्हती. शिवांगीने बासष्ट चित्रे त्याच्यादेखत पुसली.

अहिल्याबाईंनी त्या घराची दाराएवढी प्रत करवून घेतली आणि नातीसह स्वतः हरबंस कौर यांच्या टिळक नगरच्या घरी नेली. हरबंस कौर यांनी कागदाला नाक टेकवले, कमानींवरून बोट फिरवले. सज्ज्यात दोरीवर एक इवलासा सदरा वाळत होता.

"बच्चा है घर में," त्या म्हणाल्या. "अच्छा है."

अहिल्याबाई अर्धवट काही ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. "हरबंस, मेरा कर्ज़ उतरा कि नहीं?"

"पूरा उतर गया." हरबंस कौर यांनी मान वर केली नाही. "अब मेरे घर की चाय तो पूरी पी. साठ साल से शरम के मारे आधा कप छोड़ती आई है."

अहिल्याबाईंनी कप रिकामा करून बशीत ठेवला आणि दुसरा मागितला.