विचारायच्या आधी

घरी कपडे शिवणाऱ्या वहिनींचा नवरा जन्मभर सावकाश बोलला. काही विचारलं की आधी "हं", मग बराच वेळ गप्प, मग उत्तर. शेवटच्या आजारपणात त्यानं कॉम्प्युटरला स्वतःचा आवाज आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी शिकवून ठेवल्या, त्या सवयीसकट. तो गेल्यावरही वहिनी शिवता शिवता विचारत, "अहो, मोठी कात्री कुठंय?" आतून पंख्याची घरघर, मग "हं". तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

अलीकडे घरघर वाढली, आवाज मधेच तुटू लागला. धाकटा दीर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं कॅबिनेट उघडलं.

"वहिनी, प्रोसेसर शेवटचे आचके देतोय. याच बोर्डावर बसेल असा जुना, वापरलेला मिळेल. नाहीतर बोर्डासकट नवा घालू."

"यांचा आवाज जाणार नाही ना?"

"नव्यात नाही. जुना मात्र आज ना उद्या दगा देणारच."

एकदा नवरा गमावलेली बाई पुन्हा गमावायला कशी तयार होणार? नवाच घाला, म्हणाल्या.

सुरुवातीला सगळं झकास. घरघर नाही, "हं" नाही, प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर. जिवंतपणी हाका मारून घसा सुकायचा, आणि आता उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग एके सकाळी नुसतं "अहो" म्हटलं, तर आवाज म्हणाला, "पलंगाखाली." हरवलेली टेप खरंच तिथे होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. "लावलंयस तू दार," तो म्हणाला, आणि त्यानंतर वहिनींना शंका आली, दार लावलं का?

त्यांनी दिराला फोन केला. "भाऊजी, तो जुनाच बसवा. मला थांबणारा माणूस हवाय."

"वहिनी, नवे प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतात. अंदाज चुकला की टाकून देतात."

"आणि नाही चुकला तर?"

दीर हसला. संध्याकाळी येतो म्हणाला.

भर दुपारी, बाही जोडताना, आवाज पुन्हा आला. या वेळी हळू, अगदी मायेनं.

"नाही गं. फार नाही दुखणार. मी असेन तिथे."

वहिनींचे पाय मशीनवर थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. तो प्रश्न बाहेर पडता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं.