चोच डोंगराकडे, पण वारा कुठे?

मित्रांनो, कुंड्यांच्या कारखान्याच्या छपरावर पत्र्याचा कोंबडा दिसतो ना, तो मी. एक जुना वातकुक्कुट. एका लोहाराने मला कापलं, ठोकलं आणि इथे चढवलं. वारा जिकडून येईल तिकडे चोच वळवायची, एवढंच माझं काम.

आमचं शहर वाडग्याच्या तळाशी बसल्यासारखं आहे. तीन बाजूंनी डोंगर आणि समोर एकच खिंड. म्हणून कारखान्याचा शिरस्ता पडला, की माझी चोच डोंगराकडे असेल तरच भट्टी पेटवायची. मग धूर खिंडीतून बाहेर जातो. भट्टीवाले आजोबा रोज सकाळी वर बघून विचारायचे, "काय कोंबडेबुवा, हुकूम आहे ना?" माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू!

पुढे शहर वाढलं. खिंडीच्या तोंडाशी उंच इमारती आल्या, वाऱ्याची वाट अडली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. थंडीत रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरते, जाता जाता माझी चोच तिकडे वळवते आणि तळाशी साचून राहते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडतो, पण माझी चोच मात्र तिथेच! 'वारा नाही' हे मी सांगू कसं?

गेल्या आठवड्यात नको तेच झालं. आजोबांनी माझी चोच पाहिली आणि भट्टी पेटवली. धूर थोडा वर गेला, आडवा पसरला आणि समोरच्या घरांवर उतरला. तिथेच आजोबांची दमेकरी नात राहते. तिचा खोकला मला छपरावर ऐकू येत होता. मी नुसता उभा.

सूनबाई धावत आल्या. "बाबा, बंद करा ती भट्टी! पोरीला श्वास घेता येईना!"

"अगं, पण कोंबडा तर..."

"कोंबड्याचं काय घेऊन बसलात? पोरीकडे बघा!"

नात दवाखान्यातून सुखरूप परतली. तिने आपली लाल रिबीन दिली आणि आजोबांनी शिडी लावून ती माझ्या शेपटीला बांधली. रिबीन फडफडली तर वारा आहे, लोंबली तर भट्टी बंद.

आज रिबीन लोंबते आहे. कारखान्याचे मालक खाली घाई करताहेत. आजोबांच्या हातात काडेपेटी आहे, आणि सवयीने त्यांची नजर माझ्या चोचीवरच गेली आहे. मित्रांनो, तुमचा आवाज तरी पोहोचतो. ओरडून सांगा त्यांना, "आजोबा, चोच नको, रिबीन बघा!"